ब्लास्टिंग (लोखंडावरचा रंग आणि गंज उडवायची पद्धत)

कंप्रेसरच्या हवेच्या जोरावर बारीक धारदार कण लोखंडावर मारायचे आणि जुना रंग, गंज सगळं उडवून खालचा धातू उघडा पाडायचा, याला ब्लास्टिंग म्हणतात. अमेरिकेत बेंजामिन टिल्घमन यांनी १८७० मध्ये याचं पेटंट घेतलं, तेव्हा वाळू वापरायचे म्हणून अजूनही सगळे सँड ब्लास्टिंगच म्हणतात, मशीनमध्ये वाळू असो वा नसो.

आणि वाळू नसलेलीच बरी. वाळू आपटून फुटली की सिलिकाची धूळ उडते, ती फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही हो, बाहेरून स्वच्छ हवा येणारं हेल्मेटच लागतं.

वाळूऐवजी कॉपर स्लॅग (तांबं गाळताना उरणारी मळी), गार्नेट (एक कठीण खनिज), स्टील ग्रिट (पोलादाचे धारदार कण) वापरतात. स्टील ग्रिट महाग पण गोळा करून परत परत वापरता येतं, म्हणून ते बंद खोलीत, आणि जहाजाच्या बुडाला उघड्यावर स्लॅग किंवा गार्नेट. ॲल्युमिनियमच्या इंजिन केसिंगला काचेचे मणी. हवेचा दाब साधारण १०० पीएसआय असतो, तो जाड गर्डरला ठीक आहे पण त्याच दाबाने जुन्या स्कूटरचा पत्रा मारला तर पत्रा लाटा आल्यासारखा वाकडा होतो आणि मग पत्रेवाल्याकडे चकरा.

किती साफ झालं ते एसए ग्रेडने सांगतात, चांगल्या कामाला एसए अडीच मागतात, म्हणजे जवळजवळ पांढरट लोखंड, फार तर कुठे पुसट डाग. शिवाय पृष्ठभाग खरखरीत होतो, त्यालाच प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) धरून बसतो.

मुंबईत खरी गोची इथून पुढे. ब्लास्ट केलेलं लोखंड म्हणजे सोललेलं अंग, माझगाव, रे रोडच्या बाजूला खारी दमट हवा, घामेजल्या हाताने नुसतं टेकलं तरी दुसऱ्या दिवशी पाचही बोटं तांबडी उमटलेली दिसतात. म्हणून प्रायमर त्याच दिवशी, शक्यतो चार तासांच्या आत मारतात. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल किंवा लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं) निदान ३ अंश सेल्सिअस जास्त नसेल तर रंगकाम करत नाहीत, आणि जुलैत असा कोरडा दिवस मिळाला तर नशीबच, नाहीतर शेडमध्ये हवा कोरडी करणारा डीह्युमिडिफायर लावून बसायचं.