पहिली मुलाखत (समाजकार्य)

पहिली मुलाखत : अडचण घेऊन आलेली व्यक्ती, म्हणजे सेवार्थी, आणि समाजकार्यकर्ता यांच्यातले पहिले सविस्तर बोलणे. व्यक्ती सहाय्य कार्यातले, म्हणजे एकेका व्यक्तीला तिच्या अडचणीत मदत करण्याच्या पद्धतीतले, पुढचे सगळे काम याच भेटीवर उभे राहते. अमेरिकेत मेरी रिचमंड यांनी १९१७ मध्ये या भेटीची पद्धतशीर मांडणी केली. समाजकार्याचे अभ्यासक फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ मध्ये मांडलेली, सेवार्थीशी कसे नाते ठेवावे याची सात तत्त्वे आजही शिकवली जातात. माणसाला आहे तसा स्वीकारणे, दोष न देणे, निर्णय त्याच्यावर सोडणे आणि गोपनीयता ही त्यांतलीच. भारतात या विषयाचे व्यावसायिक शिक्षण १९३६ मध्ये मुंबईत सुरू झाले.

खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, मुलाखतीचा पहिला प्रश्न बोलीचा असतो. घरी अहिराणी, भिली, पावरी, मावची किंवा लेवा बोली बोलणारे माणूस टेबलासमोर बसले की पुस्तकी मराठी जुळवू लागते आणि अर्ध्यावर थांबते. ‘आपली समस्या काय आहे?’ याला ‘काही नही’ एवढेच उत्तर येते. ‘बठ माय, काय व्हयनं?’ म्हटले की तीच बाई पदर सावरून बोलायला लागते. सुरुवात बहुधा दुखण्यापासून होते : ‘डोकं दुखस.’ त्यामागे नवऱ्याची दारू किंवा मारहाण असू शकते, पण ते तिच्या तोंडून यायला वेळ लागतो. मध्येच ती गप्प झाली तर ती शांतता बोलून भरू नये. तिने सांगितलेले तिच्याच शब्दांत परत म्हणून दाखवावे, म्हणजे चुकले असेल तिथे ती दुरुस्त करते. ‘आधी का नाही सांगितलं?’ हा प्रश्न तर कटाक्षाने टाळावा; तो जाब विचारल्यासारखा लागतो.

छापील अर्ज आधी पुढे ओढणे ही या भेटीतली सर्वांत मोठी चूक होय. अर्जातले रकानेही इथे वेगळ्या वाटेने भरावे लागतात. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा भागातली कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. त्यांना नुसता पत्ता न विचारता पावसाळ्यात कुठे असता आणि दिवाळीनंतर कुठे, असे विचारावे. तारीख आठवत नसेल तर होळीच्या आधी की नंतर, हे बरोबर आठवते.

दुभाषा लागला तर अधिक सावध राहावे. आशाताई किंवा अंगणवाडीताई मदतीला येतात, पण ती त्याच गावची असेल तर सेवार्थी मोकळी होत नाही. घरातल्या लहान मुलाला दुभाषा करणे तर अन्यायच आहे : आईची मारहाण त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायची!

गोपनीयतेची हमी देताना तिची मर्यादाही आधीच सांगितली पाहिजे. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे नंतर कळले तर विश्वास तुटतो.

नोंद शक्यतो भेट संपल्यावर करतात आणि सेवार्थीचे महत्त्वाचे वाक्य बोलीतच लिहून ठेवतात. पुढची भेट आठवडे बाजाराच्या दिवशी ठेवणे सोयीचे, कारण त्या दिवशी बाईला घराबाहेर पडायला कुणाची परवानगी मागावी लागत नाही.