राजदूतनंतरची गाडी : खान्देशातल्या ॲडव्हेंचर बाइकची पार्श्वभूमी

खान्देशात कुणी रॉयल एन्फील्डची हिमालयन नाहीतर केटीएमची 390 ॲडव्हेंचर, म्हणजे डांबर संपलं तरी चालणारी मोठी गाडी, घेतली की चौकातला पहिला प्रश्न ॲव्हरेजचा असतो. "किती देते?" लिटरला तिशीच्या आसपास, असं ऐकलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. मालकाचा पडत नाही. लाखो रुपये मोजायचे, वर पेट्रोल जाळायचं, सर्व्हिसिंगसाठी लांब जायचं आणि तरी "गाडी मस्त" म्हणायचं, हे कसं? कागदावरचे हॉर्सपॉवरचे आकडे बघून याचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी इथल्या जुन्या गाड्या आणि इथले रस्ते बघावे लागतात.

सुरुवात राजदूतपासून करावी लागते. एस्कॉर्ट्स कंपनीची ही 173 सीसीची टू-स्ट्रोक गाडी मूळ पोलंडच्या डिझाइनवर बेतलेली. दूधवाला, ग्रामसेवक, झेडपीचा मास्तर, केळीचा व्यापारी, सगळ्यांकडे तीच. धूर सोडायची, आवाज करायची, पण बैलगाडीच्या चाकोरीतून निमूट जायची. तिच्या जोडीला म्हैसूरची जावा, 1973 पासून तिचंच नाव येझदी झालं, आणि रावेर-यावलकडच्या एखाद्या बागायतदाराच्या ओट्यासमोर बुलेट. या गाड्यांच्या मालकांनी "सस्पेन्शन ट्रॅव्हल" (खड्ड्यात चाक किती वर-खाली होऊ शकतं ते) हा शब्द कधी ऐकला नव्हता. रस्ता कसा आहे हे मात्र त्यांना निघण्यापूर्वी विचारावं लागत नसे.

1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली, 1994 मध्ये स्प्लेंडर, आणि सगळा हिशेबच फिरला. फोर-स्ट्रोक इंजिन, हलकं वजन, पेट्रोलची बचत. कापसाच्या भावावर ज्याचं वर्षाचं गणित चालतं त्याला दुसरं काय हवं? त्यात चूक काहीच नव्हतं. येझदीचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, राजदूतही मागे पडत गेली. या बदलात एक गोष्ट मात्र गेली. नवी गाडी डांबरी रस्त्याची होती. धुळे-सुरत महामार्गावर ती राजा, पण तळोद्याहून धडगावला निघाली की खाली इंजिनाला दगड लागायचे. पुढची पंचवीसेक वर्षं सातपुड्यातल्या माणसाने शंभर सीसीवरच भागवलं, कारण त्या रस्त्यासाठी म्हणून काढलेली दुसरी गाडी बाजारात जवळपास नव्हतीच.

परदेशात याच काळात वेगळं काही चाललं होतं. डिसेंबर 1978 मध्ये पॅरिसहून आफ्रिकेतल्या डाकारला जाणारी पहिली रॅली निघाली. 1980 मध्ये बीएमडब्ल्यूने आर 80 जी/एस आणली आणि पुढच्याच वर्षी तिने ती रॅली जिंकली. डांबरावर दिवसभर चालणारी आणि डांबर संपलं तरी न थांबणारी गाडी, ही कल्पना तिथून रुजली. पुढचं चाक 21 इंची ठेवण्याची पद्धतही याच घराण्यातली. चाक मोठं असलं की ते खड्ड्यात कमी उतरतं, एवढं साधं त्याचं कारण. मात्र तिकडे मध्यम म्हणजे सातशे-आठशे सीसी. आपल्याकडे हाच वर्ग तीनशे ते पाचशे सीसीचा धरतात, आणि तो यायला पस्तीस वर्षं लागली.

मधे एक प्रयत्न झाला होता. 2011 मध्ये हिरोने 150 सीसीची इम्पल्स काढली. गाडी उंच, रस्त्याची पर्वा न करणारी, पण ताकद तुटपुंजी. ती चालली नाही. माझ्या मते ती आठ वर्षं आधी आली. 2019 मध्ये हिरोचीच एक्सपल्स 200 आली तेव्हा त्याच कल्पनेला गिऱ्हाईक मिळालं.

खरा फरक पडला 2016 मध्ये, रॉयल एन्फील्डच्या हिमालयनने. 411 सीसी, 24.5 हॉर्सपॉवर, 220 मिलिमीटर ग्राउंड क्लीअरन्स (जमीन आणि गाडीचा तळ यांतलं अंतर), सीटची उंची 800 मिलिमीटर, टाकी 15 लिटरची. नावावरून कळतंच की कंपनीच्या डोळ्यांसमोर लडाख होतं. बुलेटवाल्यांना घेऊन कंपनी 2004 पासून तिकडे 'हिमालयन ओडिसी' ही सफर काढत होती. सुरुवातीच्या गाड्यांबद्दल देशभरातून तक्रारी आल्या. 2017 मध्ये कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, 2018 मध्ये एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. जाणकार मंडळी अजूनही जुनी हिमालयन घेताना कितव्या सालची आहे हे आधी विचारतात, ते यामुळेच. 2018 मध्ये होसूरला बनलेली बीएमडब्ल्यू जी 310 जीएस आली, जानेवारी 2020 मध्ये चाकणची केटीएम 390 ॲडव्हेंचर. निवड करता येईल इतक्या गाड्या प्रथमच समोर आल्या.

इथून पुढे लडाख बाजूला पडतं. वर्षातून एकदा, किंवा आयुष्यातून एकदा, तिकडे जाणारे आहेतच. उरलेले दिवस गाडीला तोरणमाळ, चांदसैली, पाल, पाटणादेवी आणि शेतशिवाराचे रस्ते असतात. हिमालयन 411 आणि 390 ॲडव्हेंचर यांचे मालक एकाच घाटात वेगवेगळ्या गोष्टी का सांगतात, हे इंजिनात डोकावलं तर कळतं. हिमालयन 411 चा बोअर (सिलिंडरचा व्यास) 78 मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 86. लांब स्ट्रोकमुळे ताकद खालच्या आरपीएमलाच, म्हणजे इंजिन सावकाश फिरत असतानाच, मिळते. चांदसैलीच्या वळणावर पुढे एसटी आडवी आली, गाडी जवळपास थांबली, तरी दुसऱ्या गिअरवर ती कुरकुर न करता उचलते. 2020 ला आलेल्या केटीएमचं इंजिन याच्या उलट, 89 आणि 60. त्याचे 43 हॉर्सपॉवर जवळजवळ 9000 आरपीएमला मिळतात. धुळ्याहून नाशिककडे चौपदरी रस्त्यावर हिमालयनवाला शंभरच्या पुढे घाम गाळतो तेव्हा केटीएमवाला सहज निघून जातो. घाटातल्या रेंगाळत्या चालीत मात्र त्याला सारखा गिअर पाडावा लागतो. दोघेही समाधानी असतात. आपण कुठे जास्त फिरणार हे ज्याने घेण्यापूर्वी ठरवलं नाही, तो मात्र वर्षभरात गाडी विकायला काढतो.

टायरचा विषय इथे बाकी महाराष्ट्रापेक्षा जास्त निघतो. कारण बाभूळ. बांधावर देशी बाभूळ, नाल्याकाठी वेडी बाभूळ, आणि उन्हाळ्यात कुंपणाच्या तोडलेल्या काट्या वाटेवर पसरलेल्या. तारांचं चाक खडकाळ रस्त्याला चांगलं: दणका बसला तर थोडं लवतं, वाकलं तर गावातला कारागीर तारा आवळून आउट (वाकडेपणा) काढून देतो. अलॉय रिम तडकली की बदलणं आलं. पण तारांच्या साध्या रिमला जिथे तारांची निप्पल (आवळायच्या बारीक नटासारखी टोकं) बसतात तिथून हवा निसटते, म्हणून आत ट्यूब घालावी लागते. ट्यूब आली की काटा आला, काटा आला की चाक उतरवणं आलं. दोनशे किलोच्या आसपासच्या गाडीचं मागचं चाक, चेनसकट, उन्हात, जॅक नसताना काढणं काय असतं ते ज्याने काढलंय त्यालाच विचारावं. अलॉय आणि ट्यूबलेसवाला त्याच काट्याला रबराची वात खुपसतो, छोट्या पंपाने हवा भरतो आणि निघतो. त्यामुळे 411 नंतर आलेल्या हिमालयन 450 ला ट्यूबलेस तारांची चाकं मिळाली तेव्हा इकडच्या मालकांना जो आनंद झाला तो टचस्क्रीन मिळूनही झाला नसता.

काळ्या मातीपुढे मात्र सगळ्या गाड्या सारख्या. पहिल्या पावसानंतर कपाशीच्या वावराकडे जाणाऱ्या वाटेवर गाडी घातली की टायरच्या नक्षीत माती भरते, टायर गुळगुळीत होतो, मग ती चाकालगतच्या मडगार्डमध्ये ठासून बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. हिमालयनला वर चोचीसारखं मडगार्ड आणि खाली चाकालगत दुसरं मडगार्ड आहे. अडकायचं ते त्या खालच्यात. काडीने, इळ्याने, बोटाने माती खरवडायची, दहा पावलं जायचं, पुन्हा थांबायचं. कुठल्याही जाहिरातीतला चिखल असा नसतो.

उन्हाचंही तसंच. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. हवा आणि तेलावर थंड होणारी 411 तापते, पण तापल्याचं फार बोलून दाखवत नाही. लिक्विड कूलिंगवाली, म्हणजे रेडिएटरमधल्या द्रवाने थंड होणारी, गाडी सिग्नलला उभी राहिली की पंखा सुरू होतो आणि गरम वाफारा नडगीवर येतो. इंजिनासाठी ते बरंच आहे. पायासाठी नाही.

घरच्यांचं मत समाधानाच्या आकड्यात कुणी धरत नाही, ते धरायला हवं. साडी नेसलेल्या आईला या गाड्यांच्या मागच्या सीटवर चढवणं हा एक समारंभच असतो. 2020 ला आलेल्या 390 ॲडव्हेंचरची चालकाचीच सीट 855 मिलिमीटरवर, मागची त्याहून वर. म्हणूनच बऱ्याच घरांत स्प्लेंडर गेलेली नाही. ती बाजारहाटाला आणि दवाखान्याला, आणि ही मोठी शेताला, घाटाला आणि नाही म्हटलं तरी मिरवायला. राजदूत ही सगळी कामं एकटी करायची, हा फरक विसरू नये.

नोव्हेंबर 2023 मध्ये हिमालयन 450 आली: 452 सीसी, लिक्विड कूलिंग, 40 हॉर्सपॉवर, सहा गिअर, टाकी 17 लिटरची, सुरुवातीची किंमत 2.69 लाख. जुनी गाडी महामार्गावर अडायची ती अडचण सुटली. 411 वाल्यांपैकी काहींनी बदलली, काहींनी नाही. न बदलणाऱ्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे: साधं इंजिन, तालुक्याच्या मेकॅनिकला समजणारं. नव्या गाडीला सेन्सरची तक्रार आली तर शहाद्याच्या गॅरेजवाल्याच्या हातात काही उरत नाही. "गाडी एक नंबर शे भो, पन सर्व्हिसिंगले धुयाले जानं पडस," अशा अहिराणी सुरात, म्हणजे सर्व्हिसिंगला धुळ्याला जावं लागतं असं, सांगणारे पुष्कळ. अक्कलकुवा-धडगावकडच्या माणसाचा त्यात अख्खा दिवस जातो, मजुरी बुडते ती वेगळीच.

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीने या वर्गाचे दोन भाग केले. 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांवर 40 टक्के बसला; पूर्वी तो उपकरासह 31 होता. म्हणजे 450 आणि 390 वाल्यांच्या रांगेत उभा असलेला गिऱ्हाईक आता 250-310 सीसीच्या गाड्यांकडे बघायला लागणार. सातपुड्यासाठी तेवढी ताकद पुरते, माझ्या मते. खालच्या आरपीएमला ती मिळते का, आणि चाकात ट्यूब आहे का, एवढं शोरूममध्ये विचारून घ्यावं. सेल्समन आधी मोबाइल कनेक्टिव्हिटी दाखवेल.