न्यूरल स्टेम सेलला दिशा देणं

न्यूरल स्टेम सेल म्हणजे मज्जासंस्थेच्या मूळपेशी. त्या स्वतःसारख्या आणखी पेशी बनवतात आणि वेळ आली की न्यूरॉन, म्हणजे संदेश वाहणाऱ्या पेशी होतात, नाहीतर न्यूरॉनला सांभाळणाऱ्या ग्लिया पेशी होतात. या पेशी कुठे जातील, काय बनतील, त्यांचे तंतू कोणत्या बाजूला वाढतील हे बाहेरून ठरवायचं, म्हणजे दिशा देणं. मणक्याला मार लागून पाय लुळे पडले, पार्किन्सन झाला, अर्धांगवायू झाला, अशांना याचा कधीतरी उपयोग होईल म्हणून हे सगळं चाललंय.

आमच्याकडे वावराच्या धुऱ्यावर कारल्याचा वेल लावतात, बी कितीही चांगलं असो, बाजूला तुराट्या रोवल्या नाहीत तर वेल मातीतच गुंता करून बसतो. वेलाचा कोवळा ताणा हवेत चाचपडत राहतो आणि तुराटीला लागला की वेटोळं घालतो. न्यूरॉनच्या वाढत्या तंतूलाही असंच चाचपडणारं टोक असतं, ग्रोथ कोन म्हणतात त्याला, काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने ते 1890 मध्येच दाखवलं होतं.

विळा लागून बोटातली जाणिवेची नस कापली तर तंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो, काही महिन्यांनी बोटात जाणीव परत येऊ शकते, कारण तिथल्या आधार देणाऱ्या पेशी (श्वान या शास्त्रज्ञाच्या नावाच्या) त्याला वाट करून देतात. मणक्यातल्या मज्जारज्जूत मात्र तसं होत नाही. तिथल्या तंतूंवरच्या आवरणात, म्हणजे मायलिनमध्ये, नोगोसारखी वाढ थांबवणारी प्रथिनं असतात, वरून जखमेच्या जागी ग्लिया पेशींचा व्रण तयार होतो. अशा जागी नुसत्या मूळपेशी सोडल्या तर बऱ्याच मरतात, आणि उरलेल्यांपैकी पुष्कळशा न्यूरॉन व्हायचं सोडून ॲस्ट्रोसाइट नावाच्या ग्लिया पेशी होतात.

प्रौढ उंदराच्या मेंदूतून न्यूरल स्टेम सेल काढून वाढवल्या त्या 1992 मध्ये, रेनॉल्ड्स आणि वाइस या शास्त्रज्ञांनी. पुढे यामानाका या जपानी शास्त्रज्ञाने 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या साध्या त्वचापेशी मागे नेऊन मूळपेशींसारख्या केल्या, 2012 चं नोबेल त्यालाच. म्हणजे बियाणं आता मिळतं, अडचण तुराट्यांची आहे.

त्यासाठी बरेच प्रकार करून पाहतात. एका दिशेने ओढलेल्या अगदी बारीक धाग्यांची जाळी लावली की तंतू त्याच दिशेने सरकतात. जेल मेंदूसारखं मऊ ठेवलं तर पेशी न्यूरॉनकडे झुकतात, कडक केलं तर ग्लियाकडे, मला तर ही गोष्ट सगळ्यात विलक्षण वाटते, पेशीला खालची जमीन कळते! लॅमिनिनसारखी चिकट प्रथिनं लावतात, वाढीचे घटक हळूहळू पाझरत ठेवतात, हलकी वीज दिली तर पेशी ऋण टोकाकडे चालत जातात. यातलं बहुतेक काम अजून प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये आणि उंदरांवर आहे.

माणसांवर जपानच्या केइओ विद्यापीठाने 2021 मध्ये सुरुवात केली, मणक्याचा ताजा मार असलेल्या 4 जणांना प्रत्येकी 20 लाख पेशी दिल्या. 2025 मध्ये सांगितलं की गंभीर त्रास कुणाला झाला नाही आणि दोघांमध्ये सुधारणा दिसली. पण चारच माणसं, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे ती सुधारणा पेशींमुळेच झाली असं त्यावरून म्हणता येत नाही.

हे इतकं खोलात सांगायचं कारण आहे. खेड्यात बकऱ्यांसाठी पाला तोडताना, विहिरीवर काम करताना माणसं पडतात, मणका जातो. मग कुणीतरी शहरातल्या स्टेम सेलच्या इंजेक्शनचं सांगतं आणि घर वावर विकायला निघतं. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या 2017 च्या नियमांप्रमाणे ठरावीक रक्ताचे वगैरे आजार सोडले तर मूळपेशींचा उपचार फक्त मंजूर चाचणीतच देता येतो, आणि चाचणीत पेशंटकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. कुणी रेट सांगितला की समजून जायचं.

पडलेल्या माणसाला उचलताना पाठ आणि मान वाकवू नये, दाराच्या फळीवर सरळ ठेवून न्यावं. नंतर घरी दर दोन तासांनी कूस बदलावी लागते नाहीतर कमरेला जखमा पडतात. आमच्या गल्लीत एक काकू आहेत, काका चार वर्षांपासून खाटेवर आहेत, काकूंच्या साध्या मोबाइलमध्ये रात्री बाराचा, दोनचा आणि चारचा गजर कायमचा लावलेला आहे.