शून्य तिकिटं मोजली म्हणजे बायका मोजल्या असं नाही

बेळगाव, निपाणी, खानापूर भागात एक समज घट्ट बसलाय: शक्ती योजनेत जेवढी शून्य रुपयांची तिकिटं फाटली, तेवढ्या बायकांचं भलं झालं. ११ जून २०२३ ला या योजनेनं कर्नाटकात साध्या सरकारी बसमधला महिलांचा प्रवास मोफत झाला, तेव्हापासून हाच हिशेब चाललाय.

हिशेब चुकीचा आहे. तिकीट फेरी मोजतं, बाई नाही. निपाणीहून चिकोडीला रोज कामाला जाणारी एकटीच महिन्याला पन्नासेक तिकिटं घेते. भीमगडच्या जंगलातल्या ज्या वाडीपर्यंत बसच पोचत नाही, तिथलीच्या वाट्याला ते शून्यसुद्धा नाही. जिल्ह्याची सरासरी काढली की ही तफावत बुजते; गावनिहाय मांडली की दिसते.

मग योजनाच वाया गेली, असंही काहीजण म्हणतात. तीही घाईच. खरा प्रश्न असा, की योजना नसती तर काय झालं असतं? मेक्सिकोनं १९९७ मध्ये, मुलांना शाळेत पाठवणाऱ्या गरीब कुटुंबांना रोख मदत देणारी प्रोग्रेसा योजना सुरू करताना ५०६ गावं घेतली. सोडतीनं निवडलेल्या ३२० गावांना मदत आधी दिली, उरलेल्या १८६ गावांना नंतर. दोन्हींची तुलना केल्यावर माध्यमिक शाळेतल्या मुलींची पटनोंदणी वाढलेली स्पष्ट दिसली.

शक्ती मात्र सगळीकडे एकाच दिवशी लागू झाली, म्हणून इथे अशा सोडतीची तुलना करता येत नाही. तरी भरपूर बसफेऱ्यांची आणि तुरळक फेऱ्यांची गावं शेजारी ठेवून, आधी आणि नंतर किती बायका कामाला बाहेर पडतात हे तपासता येतं. त्याला घरोघरची पाहणी लागते, आणि मराठी गावांत ती मराठीतूनच हवी. कन्नड प्रश्नावलीपुढे नुसती मान डोलावून मिळालेली उत्तरं काय कामाची?