मल्टिहोमिंग

एकाच सर्व्हरला दोन किंवा अधिक नेटवर्क जोडण्या असणे व त्या वेगवेगळ्या राउटरांमार्फत इंटरनेटला मिळणे. एक लाइन बंद पडली तरी काम चालू राहावे, हा नेहमीचा हेतू.

पण एका लाइनवर आलेल्या विनंतीचे उत्तर दुसऱ्याच लाइनने जाऊ शकते, हा यातील प्रश्न. त्याचे मूळ आर्पानेटमध्ये (इंटरनेटचे पूर्वज असलेले अमेरिकी नेटवर्क) शोधतात. तेथील सुरुवातीचा पत्ता ८ बिटांचा होता : ६ बिट आयएमपीचे (त्या काळचा राउटरच म्हणावा) आणि २ बिट त्यावरील पोर्टचे. म्हणजे पत्ता यंत्राचा नव्हे, त्याची तार जेथे खोचली त्या जागेचा. सु. १९७२ मध्ये अमेरिकेतील टिंकर हवाई तळाने दोन आयएमपींना जोडणी मागितली, तेव्हा एकच यंत्र नेटवर्कला दोन भासू लागले, असे नेटवर्कतज्ज्ञ जॉन डे सांगतात. हे कथन उत्तरकालीन असल्याने वर्ष काटेकोर धरू नये. पत्त्याच्या रचनेबद्दल मात्र वाद नाही. इंटरनेटच्या आयपी प्रोटोकॉलनेही पत्ता इंटरफेसलाच (यंत्राच्या एकेका नेटवर्क जोडणीला) चिकटवला.

ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज) अशा यंत्राने पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, कसे हाताळावे याबद्दल दोन मते नोंदवली आहेत. ‘स्ट्राँग’ मतानुसार पॅकेटवरचा सर्व्हरचा पत्ता ज्या इंटरफेसचा, त्याच इंटरफेसमधून ते आत-बाहेर व्हावे. ‘वीक’ मतानुसार कोठूनही चालते. दस्तऐवजाने निवाडा दिलेला नाही. लिनक्स मुळात दुसऱ्या मताचे, विंडोज व्हिस्टापासून पहिल्या. दोन राउटरांच्या सर्व्हरपुरते पहिले मत अधिक सोयीचे दिसते.

उदा., सर्व्हरचे पत्ते १९२.०.२.१० व १९८.५१.१००.१० असून डिफॉल्ट गेटवे (वेगळा मार्ग सांगितला नसल्यास पॅकेट ज्याच्याकडे जाते तो राउटर) पहिल्या लाइनवर आहे. विनंती दुसऱ्या पत्त्यावर येते, उत्तर मात्र पहिल्या राउटरकडे जाते, कारण लिनक्स एरवी मार्ग ठरवताना पाठवणाऱ्याचा पत्ता पाहत नाही. परका पत्ता पाहून पहिला सेवादाता ते बहुधा टाकून देतो. आरएफसी २८२७ (मे २०००) त्याला हेच सांगतो. ‘आरपी_फिल्टर’ (पाठवणाऱ्याकडे परतीचा मार्ग पॅकेट आले त्याच इंटरफेसमधून जातो का, ही लिनक्सची तपासणी) १ असेल तर पाळी तेथवरही येत नाही : विनंती टीसीपीडंपमध्ये (पॅकेट दाखवणारे साधन) दिसते, पण कर्नल (लिनक्सचा गाभा) ती गिळतो आणि वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये ओळ उमटत नाही. मग केबल बदलून पाहण्यात दुपार जाते.

इलाज लिनक्स २.२ (१९९९) पासून उपलब्ध आहे. प्रत्येक लाइनसाठी वेगळे राउटिंग टेबल (मार्गांची यादी) करून त्यात त्या लाइनचा गेटवे लिहायचा आणि ‘आयपी रूल’ या आज्ञेने ‘१९८.५१.१००.१० कडून निघालेले ते टेबल १०२ (दुसऱ्या लाइनचे) कडे’ असा नियम घालायचा. मुख्य टेबलाचा नियम ३२७६६ क्रमांकावर असतो; नवा नियम त्याआधी तपासला जातो. नियम बसला की वरील फिल्टरची कडक तपासणीही सहसा पार पडते.

लाइन पडल्यावरचे वळण यातून आपोआप मिळत नाही. राउटरपलीकडे बिघाड झाला तरी सर्व्हरकडील केबल जिवंतच असते, म्हणून मार्ग टेबलात तसाच राहतो; बाहेरच्या पत्त्याला ठरावीक वेळाने पिंग करून तो बदलणारी स्क्रिप्ट लागते. एससीटीपी (२०००) व मल्टिपाथ टीसीपी (२०१३) या आयपीच्या वर चालणाऱ्या प्रोटोकॉलांनी एकाच संवादाला अनेक पत्ते देऊन हे ओझे वरच्या थरावर नेले.