टीसी की मायग्रेशन?

जून-जुलैत पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या ऑफिसबाहेर उभं राहा, हा प्रश्न कानावर पडतोच: "कॉलेज बदलायचंय, मायग्रेशन काढावं लागेल का हो?" बहुतेक वेळा नाही लागत. पण खिडकीपलीकडून "आधी टीसी आणा" एवढंच उत्तर येतं आणि गोंधळ तसाच राहतो.

टीसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, देतं कॉलेज. मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ सोडल्याचा दाखला, देतं विद्यापीठ. कॉलेज सोडलं की टीसी. विद्यापीठही सोडलं की टीसीच्या जोडीला मायग्रेशन.

आता खरी गंमत. तुम्ही किती लांब चाललात याचा इथे काही संबंध नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या हद्दीत पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे येतात. त्यामुळे नाशिकच्या संलग्न कॉलेजातून दोनशे किलोमीटर पार करून पुण्याला आलात, तरी विद्यापीठ तेच. पीआरएन, म्हणजे विद्यापीठाने दिलेला कायमचा नोंदणी क्रमांक, तोच राहतो, मायग्रेशनचा विषयच नाही. उलट सातारा रस्त्याने नीरा नदीचा पूल ओलांडला की शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. तिथलं विद्यापीठ कोल्हापूरचं, शिवाजी. तिकडून पुणे विद्यापीठात यायचं तर मायग्रेशन हवं आणि इथे नव्याने एलिजिबिलिटीही, म्हणजे तुम्ही प्रवेशाला पात्र आहात अशी विद्यापीठाची मान्यता.

पुण्यातल्या पुण्यातही हे फसतं. कर्वे रस्त्यावरचं एसएनडीटी हे मुंबईच्या महिला विद्यापीठाचं आणि त्याच रस्त्यावरचं गरवारे पुणे विद्यापीठाचं. एकातून दुसरीकडे जायला रिक्षाचीही गरज नाही, पण मायग्रेशनची आहे. भारती विद्यापीठ, सिंबायोसिस यांसारख्या अभिमत विद्यापीठांचंही तेच. पदवीवर कोणत्या विद्यापीठाचं नाव छापून येणार तेवढं बघा, अर्धा गोंधळ तिथेच संपतो.

स्वायत्त कॉलेजांबद्दल लोक हमखास चुकतात. फर्ग्युसन स्वायत्त आहे, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांची, पदवी मात्र पुणे विद्यापीठाची. तेव्हा पुणे विद्यापीठाच्याच दुसऱ्या कॉलेजातून तिथे जाताना मायग्रेशन नको. डोकेदुखी वेगळीच असते. तुम्ही पहिल्या वर्षाला जे पेपर दिलेत ते त्यांच्याकडे असतीलच असं नाही. क्रेडिट, म्हणजे प्रत्येक विषयाला असलेले श्रेयांक, जुळवून बघणं आलं, म्हणून गुणपत्रिकांबरोबर जुना अभ्यासक्रमही छापून घेऊन जा. आणि हे काम विभागप्रमुखांकडे होतं, ऑफिसच्या खिडकीवर नाही.

आता क्रम, कारण घोळ इथेच होतो. टीसी हातात पडली म्हणजे त्या कॉलेजातून तुमचं नाव कमी झालं. म्हणून नव्या कॉलेजकडून जागा आहे आणि प्रवेश देतो असं लेखी मिळाल्याशिवाय टीसीचा अर्ज करूच नका. नव्या कॉलेजने आधी काही मागितलंच, तर जुन्याकडून ना हरकत पत्र घ्या. त्याने तुमची जुनी जागा जात नाही. मग लायब्ररी, लॅब, अकाउंट्स असे नो ड्यूजचे शिक्के गोळा करायचे. लायब्ररीचं एखादं पुस्तक मित्राच्या खोलीवर पडून असेल तर ते आजच शोधा. मूळ टीसी नव्या कॉलेजात जमा होते, तेव्हा देण्याआधी दोन-तीन झेरॉक्स काढून ठेवा. हरवली तर डुप्लिकेटसाठी प्रतिज्ञापत्राची वरात निघते.

इंजिनिअरिंगसारख्या सीईटीवाल्या कोर्सना बदलीचे वेगळे नियम आणि तारखा असतात, ते त्या कोर्सच्या प्रवेशप्रक्रियेतच बघावे लागतात.