कोयत्यापासून ईएन ८ पर्यंत: पोलाद आणि बीड यांच्या वर्गीकरणामागचा इतिहास

लालबुंद कोयता पाण्यात बुडवला की त्याची धार कडक होते. घावनं काढायचा बिडाचा तवा चुलीवर रसरशीत तापला असताना त्यावर गार पाणी ओतलं, तर तो तडकतो. दोन्हीकडे लोखंडच, पण वागणं उलट. यामागे मुख्यतः दोन गोष्टी आहेत: लोखंडात कार्बन किती आहे आणि ते कोणत्या वेगाने गार झालं. कोकणातल्या लोहाराला त्यांचा परिणाम नजरेने कळत होता. कारण सापडायला मात्र अठरावं शतक सरत यावं लागलं.

फ्रान्समधल्या रेओम्यूरने १७२२ मध्ये पोलादावर मोठा ग्रंथ लिहिला, पण लोखंडाचं पोलाद होतं ते क्षार आणि गंधकासारख्या द्रव्यांमुळे, अशी त्याची समजूत होती. १७८१ मध्ये स्वीडनच्या बेरिमानने घडीव लोखंड, पोलाद आणि बीड यांचं पृथक्करण केलं, तेव्हा फरक एका काळ्या द्रव्यात निघाला. ते द्रव्य म्हणजे कार्बनच, हे १७८६ मध्ये वांदरमाँद, बेर्तोले आणि माँज या तिघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी स्पष्ट केलं. घडीव लोखंडात कार्बन जवळजवळ नसतो, पोलादात साधारण २ टक्क्यांपर्यंत असतो आणि बिडात बहुधा अडीच ते चार टक्के. एवढ्याशा फरकावर कोयता आणि तवा वेगळे होतात, याचं मला अजूनही नवल वाटतं.

या शोधात आपल्या किनाऱ्याचाही एक धागा आहे. मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये ‘वुट्झ’ पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पियर्सन यांनी त्यावर निबंध वाचला आणि त्याच्या शीर्षकातच हे पोलाद मुंबईत बनतं असं म्हटलं. ते खरं नव्हतं. बंद मुशीत लोखंड आणि लाकूड-पाला तापवून हे पोलाद काढणारे कारागीर तेलंगण, म्हैसूर आणि तमिळ मुलखात होते. मुंबई फक्त माल चढवण्याचं बंदर. त्या कारागिरांचं श्रेय असं बंदराच्या नावावर जमा झालं, ही गोष्ट मला लागते. पुढे मायकेल फॅरडेनेही स्टोडार्टबरोबर याच पोलादाचं कोडं सोडवायचा प्रयत्न केला.

आता लोहाराच्या भात्याशी जाऊ. कोयत्यासाठी ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा घेण्याची रीत सगळीकडे आहे आणि ती शहाणपणाची आहे. पाट्याच्या पोलादात साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो, जोडीला सिलिकॉन किंवा क्रोमियम. धार धरायला तेवढं पुरतं आणि ते फार ठिसूळही होत नाही. पोलाद ७२७ अंशांच्या वर गेलं की लोखंडाच्या स्फटिकांची रचना बदलते आणि कार्बन त्यात विरघळतो. सावकाश गार केलं तर तो बाहेर पडून पातळ थरांत बसतो आणि पोलाद मऊ राहतं. पाण्यात किंवा तेलात झटकन गार केलं तर कार्बन आतच अडकतो, स्फटिक ताणले जातात आणि पोलाद कमालीचं कडक पण ठिसूळ होतं. म्हणून लोहार थांबत नाही. धारेचा भाग घासून चकचकीत करतो आणि मागच्या जाड बाजूची ऊब धारेकडे सरकू देतो. पात्यावर आधी फिका पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा रंग चढतो. साध्या पोलादावर पिवळा साधारण २३० अंशांचा, निळा ३०० च्या आसपासचा. हव्या त्या रंगावर पातं पुन्हा पाण्यात. थर्मामीटर नसताना काढलेलं हे तापमान आहे आणि ते बऱ्यापैकी अचूक असतं.

या तापवण्या-गार करण्यामागचं शास्त्र उलगडलं त्याला एक कारण तोफा होत्या. सेंट पीटर्सबर्गच्या कारखान्यात पोलादी तोफांच्या नळ्या फुटत होत्या. त्याचा माग काढताना रशियन धातुशास्त्रज्ञ चेर्नोव्हने १८६८ मध्ये दाखवलं, की ठरावीक तापमानांना पोलादाच्या आत बदल घडतो. त्याच्या थोडं आधी शेफील्डच्या सॉर्बीने पोलाद घासून, आम्लाने खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं होतं. झटकन गार केलेल्या कडक पोलादाच्या रचनेला मार्टेन्साइट आणि तापलेल्या, कार्बन विरघळलेल्या रचनेला ऑस्टेनाइट ही नावं पुढे फ्रान्सच्या ओस्माँने मार्टेन्स आणि रॉबर्ट्स-ऑस्टेन या संशोधकांवरून दिली. किती कार्बन आणि कोणतं तापमान असताना कोणती रचना असते, हे दाखवणारा लोखंड-कार्बनचा आलेख रॉबर्ट्स-ऑस्टेनने १८९७ मध्ये मांडला आणि १९०० मध्ये रोझेबूमने तो सुधारला.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफा आहेत. त्यांच्यावर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव वाचता येतं. भरतीचं पाणी किल्ल्याला वेढतं आणि खारी हवा बाराही महिने. ओतीव लोखंड, म्हणजे बीडच, समुद्राच्या पाण्यात दीर्घकाळ राहिलं तर त्यातलं लोखंड झिजून जातं आणि ग्राफाइटचा सांगाडा मूळ आकारात उरतो. वरून शाबूत दिसणारा तुकडा मग चाकूने कापता येतो. जुनं बीड जपणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलंच पाहिजे.

वर्गीकरणाचे क्रमांक त्यामानाने ताजे. अमेरिकेत मोटार उद्योगासाठी चार आकडी पद्धत आली. १०४० मधले शेवटचे दोन आकडे म्हणजे ०.४० टक्के कार्बन. आपल्या वर्कशॉपमध्ये रोज ऐकू येणारे ईएन ८, ईएन २४, ईएन ३१ हे दुसऱ्या महायुद्धातले. ब्रिटनने १९४१ मध्ये पोलादांची गर्दी आवरण्यासाठी ती यादी केली. त्या आकड्यांवरून कार्बन कळत नाही, तो पाठच करावा लागतो. ब्रिटनने ती पद्धत केव्हाच सोडली. आपल्या बाजारात ती टिकून आहे. भारतीय मानकातलं ४०सी८ मला जास्त प्रामाणिक वाटतं: सरासरी ०.४० टक्के कार्बन, ०.८ टक्के मँगनीज. पण नुसता क्रमांक पुरत नाही. निकेल असलेलं ईएन २४ आणून उष्णोपचाराशिवाय शाफ्ट बसवला, तर जादा पैसे निकेलवर वाया गेले.

बिडाची नावं मात्र ताकदीवरून पडतात. एफजी २०० म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २०० न्यूटन ताण सोसणारं करडं बीड. कारण बिडात रासायनिक प्रमाणाइतकाच ग्राफाइटचा आकार महत्त्वाचा. तो पापुद्र्यांसारखा असला तर तडा त्याच्या कडेने धावतो. वितळलेल्या बिडात थोडं मॅग्नेशियम घातलं तर ग्राफाइटचे गोळे होतात आणि बीड वाकूही शकतं. हे एसजी बीड १९४८ मध्ये जाहीर झालं. पातळ ओतकाम झटकन गार झालं तर ग्राफाइट तयारच होत नाही, पांढरं बीड बनतं आणि कानसही त्यावर चालत नाही.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरात ट्रॉलरच्या इंजिनाचा तडकलेला ब्लॉक वेल्डिंगला येतो तेव्हा हेच आडवं येतं. वेल्डच्या कडेचं बीड गार ब्लॉकमुळे क्षणात थंड होऊन पांढरं पडतं आणि तडा शेजारून पुन्हा निघतो. म्हणून जाणता वेल्डर निकेलची कांडी वापरतो. एक तर ब्लॉक आधी सगळीकडून तापवतो आणि नंतर कोरड्या राखेत किंवा वाळूत सावकाश निवू देतो, नाहीतर छोटे छोटे टाके मारत, प्रत्येक टाका हलक्या हाताने ठोकत पुढे जातो.